मनीऑर्डर थांबली तेव्हा



कारखाने आले की शहर श्रीमंत होते आणि गाव मागे पडते, असे आपण सहज म्हणतो. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास पाहिला तर गोष्ट इतकी सरळ नाही.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. कोकणात भातशेती पावसावर, जमिनीचे तुकडे लहान. तिथे आणखी दोन हात राबले म्हणून भात फारसे वाढत नसे. तेच हात मागावर लागले की दिवसाला कितीतरी वार कापड निघे. म्हणून गिरणीचा पगार शेतमजुरीहून जास्त. रत्नागिरीचा तरुण लालबाग-परळला आला, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत त्याने पथारी टाकली, खाणावळीत जेवला आणि उरलेला पैसा मनीऑर्डरने घरी धाडला. तफावत होतीच, पण शहरी पगाराचा वाटा गावच्या चुलीपर्यंत पोचत होता. (मागे एकटीने शेती ओढणाऱ्या बाईचे श्रम मात्र कुठल्याच हिशेबात आले नाहीत.)

अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ साली असा अंदाज मांडला, की देश शेतीकडून उद्योगाकडे वळताना विषमता आधी वाढते आणि पुढे ओसरते. गिरणगावात ती ओसरण्याआधीच गिरण्या बसल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे आधीपासूनच सरकत होते. म्हणजे उद्योग मुंबईबाहेर गेला, पण कमी मजुरीवर, आणि बहुतेकांना भविष्य निर्वाह निधी नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या. तिथले पगार मोठे, पण आत शिरायला पदवी आणि इंग्रजी लागते. गिरणीच्या दाराशी चौथी शिकलेलाही उभा राहू शकत होता. माझ्या मते गाव आणि शहर यांच्यातली खरी दरी इथे पडली.

पोप तेविसावे जॉन स्वतः अर्धेलीने शेती करणाऱ्या घरातले. १५ मे १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात त्यांनी शेतीला मागे पडलेले क्षेत्र म्हटले. खेड्यांत रस्ते, पाणी, शिक्षण, आरोग्यसेवा हवी, शेतकऱ्याला परवडणारे कर्ज हवे, हे तर त्यांनी सांगितलेच. शिवाय विम्याचे लाभ शेतकऱ्याला इतर कामगारांपेक्षा फार कमी नसावेत, असेही मुद्दाम लिहिले. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याचे मागणेही जवळजवळ तेच आहे.