अपघाताचा दावा कोणत्या कोर्टात लावावा?

समजा, मजूर नांदेडचा, अपघात निजामाबादजवळ, ट्रकमालक हैदराबादचा. जखमीच्या घरचे विचारतात, भरपाईचा दावा कोठे लावायचा? गावातला एखादा जाणता सांगतो, "अपघात जिथे, केस तिथे." रोजंदारी बुडवून परराज्यात तारखा करणे परवडत नाही, आणि दावा राहून जातो. म्हणून सभासद बंधू-भगिनींनी व विद्यार्थ्यांनी हा विषय नीट समजून घ्यावा.

जाणत्याचे म्हणणे एकेकाळी खरे होते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या मूळ कलम 166 प्रमाणे अपघात घडला त्या भागातील न्यायाधिकरणाकडेच अर्ज करावा लागे. 1994 च्या दुरुस्तीने, 14 नोव्हेंबर 1994 पासून, हे बदलले. आता अपघाताच्या ठिकाणी, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा प्रतिवादी राहतो तेथे अर्ज देता येतो. निवड अर्जदाराची आहे, विमा कंपनीची नव्हे. म्हणजे वरील मजुराला नांदेडच्याच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येईल. दिवाणी दाव्याची वाट मात्र कलम 175 ने बंद आहे.

गोंधळ होतो तो फौजदारी खटल्यामुळे. चालकावरील खटला सरकारचा असतो व अपघाताच्या हद्दीतील मॅजिस्ट्रेटपुढे चालतो. भरपाईचा दावा आपला असतो. एफ.आय.आर. व पंचनाम्याच्या नकला तिकडून आणल्या की दावा इकडे चालू शकतो.

विमा कंपनी हद्दीची हरकत घेते. हुगळी जिल्ह्यातील एका आईने मुलाच्या मृत्यूबद्दल कोलकात्यात दावा लावला, कारण कंपनीचे कार्यालय तेथे होते. उच्च न्यायालयाने हद्दीच्या मुद्यावर भरपाई रद्द केली. जानेवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. विमा कंपनीही प्रतिवादीच, हे त्यात मान्य झाले.

माझ्या मते शक्यतो घराजवळचे न्यायाधिकरण निवडावे. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावे लागते. ते जवळचे असलेले बरे. दुसरे कारण बँकेतल्या माणसालाच सुचेल. अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण बहुधा मुदत ठेवीत ठेवायला लावते. ती मुदतीआधी मोडायची, तर त्याच न्यायाधिकरणाची परवानगी लागते. शिक्षणाला पैसे हवे असताना दूरच्या कोर्टाचे हेलपाटे विधवेला झेपत नाहीत.

घरात एकमत नसेल तर वेगळीच अडचण येते. सून माहेरी बिदरला, सासू-सासरे लातूरला, आणि दोन्हीकडे दावे! डिसेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, वेगवेगळ्या उच्च न्यायालयांच्या हद्दीत दावे असतील तर पहिला जेथे दाखल झाला तेथेच नंतरचे वर्ग होतील.

ट्रकवरचा चालक किंवा क्लीनर कामावर असताना जखमी झाला, तर त्याला कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्याखालीही मागणी करता येते. पण कलम 167 प्रमाणे दोहोंपैकी एकच मार्ग धरावा लागतो.

1 एप्रिल 2022 पासून अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर थांबू नये.

धडक देऊन वाहन पळाले व त्याचा पत्ताच लागला नाही, तर मात्र ही निवड उरत नाही. 2022 च्या योजनेप्रमाणे मृत्यूस 2 लाख व गंभीर दुखापतीस 50 हजार रुपये मिळतात. त्यासाठी अपघात झाला तेथीलच उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावा लागतो.