तिचा दम कोंडू देऊ नकोस

अगं, काल फोनवर तू म्हणालीस ना, "ताई, एक लाख चाळीस हजार किलोमीटर झाले, आता वीस हजारांत बॅटरीची वॉरंटी संपणार, त्याआधी गाडी विकून मोकळं व्हावं असं ह्यांचं चाललंय," ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. विकायची असेल तर खुशाल विका. पण नुसत्या धास्तीनं विकू नका. आमची गाडीही हायब्रिडच, गेल्या आठवड्यात बर्धमानहून परत येताना तीन लाख बारा हजारांच्या पुढे गेली आणि तिची मोठी बॅटरी अजून मूळचीच आहे. म्हणून जरा माझं ऐक.

टोयोटा काय, मारुती काय, हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोवर हमी देतात. तिथवर खर्च त्यांचा, पुढे आपला, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' म्हणून ग्राहकांसाठी वस्तू तपासणारी जुनी संस्था आहे. त्यांनी २०११ साली टोयोटाची प्रियस ही हायब्रिड, २००२ची एक, तपासली. २,०६,००० मैल धावलेली, म्हणजे आपले तीन लाख तीस हजार किलोमीटर, आणि बॅटरी तीच. दहा वर्षांपूर्वी त्यांनी जवळजवळ नव्या प्रियसची चाचणी घेतली होती, तेव्हा गॅलनला ४०.६ मैल मिळाले होते. या म्हातारीनं ४०.४ दिले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ह्यांना दोनदा वाचून दाखवलं.

असं का होतं, तर गाडीतला कॉम्प्युटर त्या बॅटरीला कधी गच्च भरू देत नाही आणि कधी रिकामी पडू देत नाही. प्रियसच्या जातीच्या निकेलच्या बॅटरीत साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधेच खेळवतो. आजी म्हणायची ना, दोन घास कमी खाल्ले की माणूस टिकतो, तसंच. चार्जिंगचं ती स्वतः बघते. तिला सोसत नाही ती उष्णता. आणि तिथेच आपण कमी पडतो, कारण ती श्वास कुठून घेते हे आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आमचं काय झालं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी, वैशाखातली दुपार, इथे कोलकात्यात बायपासवर रुबीच्या मोडावर मी सिग्नलला उभी. समोर लाल त्रिकोण लागला आणि हायब्रिड सिस्टीम तपासा म्हणून अक्षरं आली. वर्कशॉपात नेली, तर तासाभरात निकाल, बॅटरी गेली, अख्खी बदला. आकडा ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. त्या महिन्यात दुकानात चांदी गाळायला येणारा मालही कमी होता. मी म्हटलं, एकदा मल्लिकबाजारला दाखवू. तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळं आयुष्य अँबॅसॅडरवर गेलेलं. तिचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ला बंद पडला, तेव्हा मुलाला हायब्रिडचं काम शिकायला पाठवलं आणि त्याच्याकडून स्वतः शिकले. त्यांनी मागच्या सीटशेजारची प्लास्टिकची जाळी काढली आणि मला बोलावलं. जाळीवर घोंगडीचा तुकडा ठेवल्यासारखा थर. बोटानं उचलला तर सलग निघाला. त्यात शिमूलचा, म्हणजे आपल्या काटेसावरीचा कापूस, झालमुडीचे दोन मुरमुरे आणि माझ्याच साडीची एक टिकली. आतल्या पंख्याच्या पात्यांवरही तेच. म्हणाले, "बौदी, बॅटारी मरेनी, दम आटके गेछे." बॅटरी मेली नाही, दम कोंडलाय तिचा.

मग मुलानं रबरी हातमोजे घातले, मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, दहा मिनिटं काही न करता थांबला आणि त्यानंतर बॅटरीचं झाकण उघडलं. आत एकेका मॉड्यूलला जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या असतात. त्या हिरव्या पडल्या होत्या, देवघरातलं ताम्हण आठवडाभर ओलं राहिलं की पडतं तशा. इथल्या दमट हवेत तांबं कळकणारच, आपण सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या घरातल्या, आपल्याला हे कोणी वेगळं सांगायला नको. हिरवं चढलं की जोड सैल पडल्यासारखा होतो, मॉड्यूलांची मापं एकमेकांशी जुळेनात, आणि कॉम्प्युटरला वाटतं बॅटरीच खराब झाली. पट्ट्या घासून लखलखीत केल्या, पंखा धुतला, जाळी नवी बसवली. त्रिकोण गेला तो अजून आला नाही.

प्रत्येक वेळी असंच होईल असं मी म्हणत नाही. कधी मॉड्यूल खरंच बसतं. तेव्हा एक बदलून वेळ मारून नेता येते, पण बाकीची तितकीच जुनी असतात, चार-सहा महिन्यांत दुसरं बसतं. लांबच्या रस्त्यावर गाडी न्यायची असेल तर माझ्या मते अख्खा नवा संच हमीसकट घ्यावा. पण कोणी निकाल दिला की आधी एरर कोड कागदावर लिहून माग. पी-झीरो-ए-एटी असेल तर बॅटरीची तक्रार. पी-झीरो-ए-नाइंटी-थ्री असेल तर इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग, थंड होत नाहीये, आणि त्यामागे पुष्कळदा एक छोटा पंप असतो. या दोन खर्चांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि नारिंगी वेष्टणाच्या जाड तारांना जो माणूस प्लग न काढता, हातमोज्यांशिवाय हात घालेल, त्याच्याकडून किल्ली परत घे. तिथे जीव जातो.

तो पंप तुला घरीही तपासता येतो. बऱ्याच हायब्रिडना दोन कूलंट असतात, एक इंजिनाचं, एक इन्व्हर्टरचं, आणि दुसऱ्याची आठवण कोणालाच नसते. गाडी चालू करून, समोर 'रेडी' लागलं की तशीच रेडीवर ठेवून बॉनेट उघड आणि इन्व्हर्टरच्या डब्यात टॉर्च मारून बघ. पाणी हलत, घुसळत असलं पाहिजे. निश्चल दिसलं तर त्याच दिवशी मिस्त्रीकडे ने.

आता रोजचं. श्यामबाजारच्या पाचमाथ्यावर सिग्नल लांबला की जावईबापू गिअर एनवर टाकतात, मी पाहिलंय. जुन्या गाडीची सवय आहे ती. हायब्रिड एनवर असताना मोठी बॅटरी चार्ज होत नाही, आणि एसी तर त्याच बॅटरीवर चालत असतो. डीवर ठेवून ब्रेक धरायचा, एवढंच. एसी मात्र बंद करू नका. बॅटरी गाडीतलीच हवा ओढते, तुला गार वाटलं तर तिला गार वाटतं. पेट्रोलसाठी जीव काढून चैत्र-वैशाखात काचा खाली करून फिरणं म्हणजे चार आणे वाचवून रुपया घालवणं. दुर्गापूजेच्या खरेदीच्या पिशव्याही त्या जाळीवर टेकवून ठेवू नका. जाळी कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत सापडेल, प्रत्येक गाडीत जागा वेगळी असते.

ब्रेकचं उलटं आहे. गाडीचा वेग बराचसा मोटरच ओढून घेते, म्हणून पॅड फारसे झिजत नाहीत, आणि लोक म्हणतात बघा किती टिकले. पण न वापरलेली वस्तू कोलकात्यात गंजते. कॅलिपरच्या पिना जाम होतात, एकच पॅड घासत राहतं. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, चाकं काढून पिना साफ करून वंगण लावून घे.

ऑइलबद्दल थोडकंच सांगते. पुस्तिकेत लिहिलेल्या पातळपणाचंच घाल, आमच्या गाडीला झीरो-डब्ल्यू-ट्वेंटी लागतं. इंजिन जुनं झालं की ऑइल पितं, म्हणून दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघ. आणि टाकी कधी कोरडी पडू देऊ नकोस. इंजिन बंद पडलं की सगळा भार मोठ्या बॅटरीवर येतो आणि ती उपसली जाते.

गावी विट्याला जाताना महिनाभर गाडी उभी करून जाता, तेव्हा छोटी बारा व्होल्टची बॅटरी बसते. ती बसली की गाडी रेडी होतच नाही, मग मोठी कितीही भरलेली असो. शेजाऱ्यांना किल्ली देऊन जा. आठवड्यातून एकदा गाडी रेडीवर ठेवून अर्धा-पाऊण तास सोडली तरी पुरे, मात्र उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये नको, इंजिन मधेच आपोआप सुरू होतं.

पाण्याचं मात्र मनावर घे. गेल्या वर्षी, २०२५च्या सप्टेंबरात, पुजेच्या तोंडावर एका रात्रीत अडीचशे मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या गल्लीत चाकं बुडाली होती. शेजारच्यांनी सकाळी बटण दाबलं आणि इंजिनात पाणी गेलं. पाणी सीटपर्यंत आलेली गाडी सुरू करायची नाही, बटणाला हात लावायचा नाही, सरळ ओढून न्यायची. ओढतानाही पुढची चाकं जमिनीवर फिरू द्यायची नाहीत, कारण चाकं फिरली की आतली मोटर वीज तयार करते. सपाट ट्रकच मागव. आणि विम्यात इंजिनाचं जादा संरक्षण घेतलंय का ते आजच बघ, पावसाळ्याची वाट बघू नकोस.

रविवारी हाजरा रोडला महाराष्ट्र निवासात येणार आहेस ना? जावईबापूंना म्हणावं गाडीच घेऊन या. मी मऊ ब्रश आणि टॉर्च आणते, सोबत विट्याहून आलेली शेंगदाण्याची चटणी. तुझी जाळी आपण दोघी मिळून काढू. येताना मागची सीट तेवढी रिकामी ठेव.