दुधाचे दात पडणारच, मग जपायचे कशाला?



माझा धाकटा भाऊ साडेतीन वर्षांचा आहे. तो अंगणवाडीत जातो. दिवाळीनंतर तो रात्री रडत उठायचा. भाकरी खाईना. आईने तोंड उघडून पाहिले तर दोन दाढा काळ्या पडल्या होत्या. आजी म्हणाली, "दुधाचे दात हायेत, पडतील आपोआप. कशाला दवाखाना?"

तेवढ्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत आले. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. त्यांनी भावाला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवले. तिथे जे समजले आणि बाईंनी वर्गात जे शिकवले, ते मी लिहीत आहे.

दुधाचे दात का जपायचे?

दुधाचे दात २० असतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. सहाव्या वर्षापासून पुढचे दात पडू लागतात, पण मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत राहतात. मी दहा वर्षांची आहे आणि माझ्या दोन दुधाच्या दाढा अजून आहेत. म्हणजे भावाला त्याच दाढांनी अजून सहा-सात वर्षे जेवायचे आहे! शिवाय दुधाचे दात पक्क्या दातांची जागा राखतात. दाढ लवकर गेली तर शेजारचे दात सरकतात आणि पक्का दात वाकडा येऊ शकतो.

कीड कशी लागते?

आजीला वाटायचे, दातात किडा असतो. पण तसे नाही. आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड खाल्ले की ते त्या साखरेपासून आम्ल तयार करतात. आम्लाने दातावरचे कठीण आवरण झिजते. दुधाच्या दातांचे आवरण पातळ असते, म्हणून कीड लवकर आत जाते.

बाईंनी आम्हाला प्रयोग दाखवला. अंड्याचे टरफल लिंबाच्या रसात ठेवले. लगेच बुडबुडे निघू लागले. दुसऱ्या दिवशी टरफल मऊ झाले होते. बाई म्हणाल्या, "आम्ल दातालाही असेच हळूहळू पोखरते."

माझी चूक

आपला जिल्हा उसाचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. जवळच लोणीला दातांच्या डॉक्टरांचे महाविद्यालय आहे. मी म्हणाले, "बाई, साखरही तिथंच आणि दातांचे डॉक्टरही तिथंच!" सगळा वर्ग हसला. पण बाई म्हणाल्या, "गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे जास्त महत्त्वाचे आहे. दर वेळी नवीन आम्ल तयार होते."

तेव्हा मी गप्प झाले. आई खुरपणीला गेली की शाळा सुटल्यावर भावाला मीच सांभाळते. तो रडला की मी गोळी द्यायची, नाहीतर बिस्कीट. संध्याकाळपर्यंत चार वेळा तरी. रात्री तो साखरेच्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपायचा. झोपेत लाळ कमी सुटते आणि गोड दूध दातांवर तसेच राहते. मला वाटायचे, मी त्याचे लाड करते. डॉक्टरांनी एक दाढ भरली, दुसरी काढावी लागली. तो माझा हात धरून रडला. मलाही रडू आले.

काय करावे?

१. पहिला दात आला की ब्रश सुरू करावा. सकाळी आणि रात्री झोपताना, असे दोनदा.

२. पेस्ट फ्लोराइडची असावी. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. पेस्ट थुंकायला शिकवावे.

३. लहान मुलाला स्वतः नीट घासता येत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने घासून द्यावे.

४. बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. रात्री ब्रश केल्यावर फक्त पाणी द्यावे.

५. गोड द्यायचे तर जेवणाबरोबर द्यावे. मधल्या वेळी फुटाणे, शेंगदाणे मोठ्या मुलांना चालतात. लहानग्यांच्या ते घशात अडकतात. त्यांना भाकरी, उकडलेले अंडे द्यावे.

६. मुलांना मशेरी लावू नये. तिच्यात तंबाखू असते.

७. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दात डॉक्टरांना दाखवावेत.

आता रोज रात्री आई नाहीतर अण्णा भावाचे दात घासतात आणि मी आरसा धरते. तो आरशात बघून "आ" करतो. आजीची मशेरी अजून सुटली नाही, पण डबी ती आता फळीवर वर ठेवते.

पालकांनो, आज घरी गेल्यावर बाळाचा वरचा ओठ उचलून पाहा. हिरडीजवळ खडूसारखे पांढरे डाग दिसले तर ती किडीची सुरुवात असू शकते. तेव्हाच दाखवले तर कीड थांबवता येते. भोक पडले की ते आपोआप भरत नाही.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी