परसबागेचे वर्ष : ऋषिपंचमी, भोगी आणि वाळवण

बालाघाटाच्या डोंगररांगेमुळे बीड जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेस गोदाकाठची काळी, कसदार गंगथडी, तर दक्षिणेस आष्टी, पाटोदा, शिरूर परिसरातील उथळ, मुरमाड जमीन. वार्षिक पर्जन्यमान सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास असले, तरी ते बेभरवशाचे असते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण जुन्या पिढीस आजही आहे. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी होणारे स्थलांतर. अशा जिल्ह्यात परसबागेचा विचार पाणी आणि स्थलांतर या दोन गोष्टी ध्यानात घेऊनच करावा लागतो.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पहाटेच फडात जाणाऱ्या स्त्रीला भाजीसाठी बाजार गाठणे कठीण जाते आणि भाकरीसोबत चटणी एवढ्यावरच भागवावे लागते.

पावसाळा : ऋषिपंचमीची कसोटी

भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानतात. हाताने खणून पिकविलेली भाजी त्या दिवशी शिजते. परसबागेचे महत्त्व आपल्या परंपरेने असे जपले आहे. त्या दिवशी घरची भेंडी, दोडका, भोपळा, अळू, माठ मिळावयाचा असेल, तर जूनअखेर चांगला पाऊस होताच बी टोकले पाहिजे. भेंडी दीड महिन्यात तोडणीस येते. काळ्या जमिनीत पाणी साचू नये म्हणून गादीवाफे करावेत; मुरमाड जमिनीत ओल धरून ठेवण्यासाठी वाफे थोडे खोल ठेवून भरपूर शेणखत घालावे. वेल कुंपणावर चढवावेत.

याच दिवसांत अंबाडी येते. तिची पाने उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या व तूरडाळीसह शिजवून वर लसणाची फोडणी दिली की भाकरीसोबत पूर्ण जेवण होते. तरोटा, घोळ, पाथरी या रानभाज्याही बांधावर विनामूल्य मिळतात.

हिवाळा : भोगीची कसोटी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, गाजर, वालाच्या शेंगा, ओला हरभरा यांची मिसळ भाजी होते. तिच्यातील किती जिन्नस घरच्या वाफ्यातून आले, हे पाहिल्यास हिवाळी परसबागेची परीक्षा होते. वांगी व टोमॅटोची रोपे भाद्रपदातच लावावीत. तोडणीला जाणाऱ्या कुटुंबाने निघण्यापूर्वी मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा पेरून ठेवल्यास मागे राहणाऱ्या आजी-आजोबांस व मुलांस महिनाभरात पालेभाजी मिळू लागते. पुढे दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा पेरत राहिल्यास तिच्यात खंड पडत नाही.

पालेभाजी चिरण्यापूर्वी धुवावी, शिजवलेले पाणी शक्यतो फेकू नये. भाजीतील लोह शरीरात नीट शोषले जावे म्हणून जेवताना लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा टाळावा.

उन्हाळा : वाळवण आणि सांडपाणी

बीडमध्ये परसबाग मोडते ती चैत्र-वैशाखात. त्यावर आपल्या घरांत जुना उपाय आहे, तो वाळवणाचा. आश्विनातील कोरड्या उन्हात गवार वाळवून ठेवली तर ती तोडणीला जाणाऱ्यांच्या शिदोरीत जाते. हिवाळ्यात खुडलेला हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवावा. कडक उन्हापेक्षा सावलीत अ जीवनसत्त्वाचा अंश अधिक टिकतो; क जीवनसत्त्व मात्र बहुतांशी जाते, म्हणून ताज्या लिंबाची जोड हवीच.

पाण्याचा हिशेब असा आहे. जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. तेवढे पाणी मिळाल्यास पाच जणांच्या घरात ते २७५ लिटर होते. त्यातील निम्मे आंघोळ व भांडी घासण्यातून बाहेर पडले, तरी सुमारे १३५ लिटर हाती राहते. चौरस मीटरला दररोज ५ लिटर धरल्यास २० चौरस मीटर जागेस १०० लिटर पुरतात. मात्र हे साबणमिश्रित पाणी वाळूच्या थरातून गाळून शेवगा, पपई, कढीपत्ता यांच्या बुंध्याशीच सोडावे. पालेभाज्यांवर घालू नये. आळ्यात पाचट किंवा पालापाचोळा अंथरल्यास ओल टिकते. असा शेवगा दारात असला, म्हणजे पाडव्याच्या सुमारास परतणाऱ्या कुटुंबास निदान शेंगा तयार मिळतात.

गावपातळीवरील काम

शाळेच्या परसबागा जूनमध्ये उत्साहाने सुरू होतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत वाळतात. शिक्षकांनी हंगामी वाफ्यांबरोबर शेवगा, लिंबू, कढीपत्ता अशी टिकाऊ झाडे लावावीत व सुट्टीतील पाण्याची जबाबदारी शेजारच्या बचतगटाकडे द्यावी. ग्रामपंचायतीने सार्वजनिक नळकोंडाळ्याचे वाहून जाणारे पाणी अंगणवाडीच्या आवाराकडे वळवावे. तोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची नोंद घेताना बियाण्याची पुडी त्यांच्या घरी दसऱ्याआधी पोहोचेल, हे पाहावे. बियाणे व लागवडीसंबंधी मार्गदर्शन अंबाजोगाई येथील कृषी विज्ञान केंद्राकडे मागता येईल.

परसबागांची मोजणी बहुधा पावसाळ्यात होते, तेव्हा प्रत्येक वाफा हिरवा असतो. तीच मोजणी वैशाखात पुन्हा करावी. त्या महिन्यात ज्या घरांत आठवड्यातून दोन वेळा तरी स्वतःच्या परसातील भाजी शिजते, ती परसबाग उभी राहिली असे समजावे.