इंटरनेट बंद पडल्यास प्रथम काय करावे?

नवी मुंबईतील वाशी येथे मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीच्या कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, मसाले व धान्य अशा पाच बाजारपेठा आहेत. तेथील आवक व भाव राज्य कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. गाडी आज भरावी की दोन दिवस थांबावे, हे शेतकऱ्यास त्यावरून ठरविता येते. परंतु ऐन तोडणीच्या वेळी इंटरनेट बंद पडल्यास हा लाभ हातचा जातो, आणि घाईने केलेल्या खटपटीमुळे लहानसा बिघाड मोठा होतो. रोग ओळखल्यावाचून पिकावर औषध फवारू नये. तोच नियम येथेही लागू आहे.

दोष कसा ओळखावा?

फायबरची जोडणी असल्यास भिंतीवरील यंत्राचे दिवे पाहावेत.

१. एकही दिवा लागत नसल्यास वीज, प्लग व अडॅप्टर तपासावा.

२. 'एलओएस' हा तांबडा दिवा लागल्यास फायबर तुटली, दबली किंवा निसटली आहे असे समजावे. हा दोष ग्राहकास दुरुस्त करता येत नाही. तार स्वतः उघडू नये व तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये.

३. 'पॉन' दिवा स्थिर असून इंटरनेटचा दिवा लागत नसल्यास वर्गणीची मुदत संपली आहे काय, हे प्रथम पाहावे. ती संपली नसल्यास दोष बहुधा सेटिंगमध्ये असतो.

४. सर्व दिवे ठीक असून एकाच मोबाइलवर इंटरनेट चालत नसल्यास दोष त्या मोबाइलमध्ये आहे.

यंत्र बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करण्यास हरकत नाही. मात्र टाचणीने दाबावयाचे 'रीसेट' बटण कधीही दाबू नये. त्यामुळे यंत्रात भरलेले वापरकर्त्याचे नाव व संकेतशब्द पुसले जाण्याचा संभव असतो. मग फोनवर मिटणाऱ्या कामासाठी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. ही माहिती जोडणी घेतानाच वहीत उतरवून ठेवावी.

तक्रार कशी करावी?

ग्राहक क्रमांक, बिघाडाची वेळ व दिव्यांची स्थिती सांगून तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक अवश्य मागून घ्यावा. नुसत्या तोंडी सांगण्यास पुढे पुरावा राहत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार, तक्रारीचे समाधान न झाल्यास दूरसंचार कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते व त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो.

मदतीच्या नावाखाली कोणी ओटीपी मागितल्यास किंवा मोबाइलचा पडदा दाखविणारे ॲप घ्यावयास सांगितल्यास फोन बंद करावा. फसवणूक होऊन पैसे गेले असल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीतील यंत्राजवळ ग्राहक क्रमांक, तक्रारीचा दूरध्वनी व दिव्यांचे अर्थ मोठ्या अक्षरांत लिहून लावावेत. दुरुस्ती होईपर्यंत शेतकऱ्यांनी मोबाइलच्या इंटरनेटवर किंवा आडत्यास फोन करून भाव विचारावा. केवळ जोडणी बंद आहे म्हणून नाशवंत माल अंदाजाने बाजारात पाठवू नये.