पांढरीचं घर

काष्टीत आमचं जुनं घर भेंड्यांचं, वर माळवद. शनिवारच्या जनावरांच्या बाजाराला आलेली माणसं उन्हं चढली की आमच्याच ओट्यावर टेकतात. समोरच्या स्लॅबच्या खोल्यांची ग्रॅनाइटची पायरी रिकामी असते. या घरानं शिकवलेलं थोडं लिहून ठेवतो.

१. आधी माती ओळखावी. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकवलेली भिंत तिरकी चिरतेच. म्हणून शेत काळीत, गाव पांढरीत, अशी जुन्यांची वाटणी. घोड धरणाच्या कालव्यावर ऊस आला, वस्त्या मळ्यात गेल्या, आता काळीतच बांधावं लागतं. मग मुरूम लागेपर्यंत खणा. तिथं हात आखडला, तर वर ओतलेलं सिमेंट कामाला येत नाही.

२. माळवद पर्जन्यछायेतच शोभतं. कोकणात ते एका आषाढात खाली येईल. तुळया, त्यावर किलचन, लिंबाचा पाला, चिखल आणि वर पांढरी माती. मृगाच्या आधी चुलती शिडी लावून वर जाते, उगवलेलं गवत उपटते, पन्हळीकडचा उतार चोपते. वळीव पडून गेला की बारीक भेगा दिसतात. त्यांत ती कोरडी पांढरी माती भुरभुरवते आणि टाचेनं दाबते. पुढची सर ती माती भिजवून बसवते. माळवदातल्या उजेडाच्या साण्यावर पत्र्याचं झाकण कधी ओढायचं, हे तिला पश्चिमेच्या वाऱ्यावरून कळतं. स्लॅबखाली झोपणाऱ्या आम्हाला पाऊस मोबाइलवर कळतो.

३. मातीचं कौतुक करताना किल्लारी विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात त्या भागात हजारो माणसं स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. भिंती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या. आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे लांब आडवे दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. वर माळवदाचं ओझं. एक घनफूट माती पंचेचाळीस-पन्नास किलो भरते, आणि गळती थांबवायला वर्षानुवर्षं थरावर थर चढत जातो. आमच्याकडं तेव्हापासून नियम आहे: जुनी माती खाली उतरवल्याशिवाय नवी वर चढवायची नाही.

४. सिमेंटच्या भिंतीला गेरू फासून ‘गावरान’ पाटी लावलेली हॉटेलं हायवेवर पुष्कळ झालीत. आत एसी. जेवण बरं असतं.

५. सेवाग्रामला बापूकुटी बघून आलो. १९३६ साली गांधीजी त्या गावी राहायला गेले, तेव्हा अट होती की सामान आसपासचंच वापरायचं आणि खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही. मातीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आहेत. वर मात्र कौलं, कारण वर्ध्याचा पाऊस आमच्यापेक्षा बराच जास्त. तिथली घरं बघून कुणी काष्टीत कौलं चढवली, तर त्याला मूळ मुद्दा कळलाच नाही असं मी म्हणेन.

६. मातीच्या घरात पोरगी देत नाहीत. चुलतभावाचं लग्न अडलं, तेव्हा चुलतीच म्हणाली, “बांध बाबा स्लॅब, पण भिंती पाडू नगंस.” भेंड्यांवर स्लॅबचं ओझं ठेवता येत नाही, गवंड्यानं साफ सांगितलं. शेवटी पुढच्या अंगणात वेगळ्या पायावर दोन खोल्या झाल्या. सोयरीक तिथं बसून जुळली. जेवणाच्या पंगती मागच्या सोप्यात उठल्या, कारण एप्रिलची दुपार होती.