वाघ आला, पण कार्डावर उतरला नाही

चंद्रपूर जिल्ह्यात धानाची बांधी जिथे संपते, तिथेच जंगल सुरू होतं. मध्ये कुंपण नाही, की मोकळी जागा नाही. अशाच एका गावाच्या शिवारात ऐन धान कापणीच्या दिवसांत वाघाने लागोपाठ गुरं मारली, तेव्हा वनखात्याच्या पथकाबरोबर कॅमेरा ट्रॅप लावायला मीही होतो. गावाचा प्रश्न एकच होता: हा वाघ कोणता? नेहमी या नाल्याने ये-जा करणारा, की नवखा? रात्रीची गस्त कुठे ठेवायची, गुराख्यांना कोणत्या वाटेने जाऊ द्यायचं नाही, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं. नाल्याकाठच्या पाऊलवाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे बांधले. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात, त्यामुळे ओळख पक्की करायला दोन्ही बाजूंचे फोटो हवे असतात.

काही दिवसांनी कार्डं काढून लॅपटॉपला लावली. सुरुवातीला कॅमेरा तपासताना चाललेले आमचेच पाय, मग गुरं, चितळ, मोर, सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या बाया. त्यानंतर फाइलींची नावं ओळीने दिसत होती, पण एकही फोटो उघडेना. एक-दोन अर्धवट उघडले, त्यांच्या खालच्या भागात नुसता करडा पट्टा. दोन्ही कार्डांची तीच गत. कॅमेऱ्यासमोरच्या मऊ मातीत मात्र वाघाची पावलं ठसठशीत उमटलेली होती. सोबतच्या वनमजुराने विचारलं, "पाय तर हायेत जी, मग फोटो कुठी गेला?"

कॅमेरे धड होते, सेलही धड होते. खोट कार्डांत होती. त्या खेपेच्या खरेदीत आलेली कार्डं बनावट निघाली. वर नामांकित छाप, ३२ जीबी असं ठळक अक्षरांत लिहिलेलं, आत खरी जागा त्याच्या पाव. अशा कार्डातल्या कंट्रोलरला खोटं बोलायला लावलेलं असतं. कॅमेऱ्याने 'जागा किती?' असं विचारलं की तो ३२ सांगतो. खरी जागा भरल्यावर पुढचे फोटो एकतर कुठेच जात नाहीत किंवा जुन्यांवर लिहिले जातात. कॅमेऱ्याला त्याचा पत्ता नसतो. त्याचा आकडा वाढत राहतो, लाल दिवा लुकलुकतो, सगळं ठीक चाललंय असं वाटतं. तपासलेली कार्डं घालून पुन्हा कॅमेरे लावले, दोन्ही कुशी मिळाल्या, वाघ ओळखला गेला. पण मधले दिवस गावाने भीतीत काढले. कापलेलं धान बांधीतच पडून राहिलं, बायांनी एकटीने शेतात जाणं बंद केलं. कॅमेऱ्याच्या किमतीपुढे कार्डाची किंमत काहीच नाही, पण गावाला जो पुरावा हवा असतो तो कार्डावरच असतो. म्हणून कार्डाबद्दल मी आता फार हट्टी आहे, आणि या कामात नव्याने येणाऱ्यांनीही तसंच व्हावं असं मला वाटतं.

पहिला हट्ट असा, की न तपासलेलं कार्ड जंगलात न्यायचं नाही. खोकं, होलोग्राम, पावती यांतलं काहीही पुरेसं नाही. 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाची एक छोटी मोफत प्रणाली विंडोजवर चालते, लिनक्स आणि मॅकसाठी 'एफ३' आहे. ती कार्ड काठोकाठ भरते आणि लिहिलेलं सगळं परत वाचून पडताळते. ३२ जीबीचं कार्ड नुसतं भरायलाच पाऊण-एक तास जाऊ शकतो, वाचायला आणखी वेळ. रात्री लावून झोपावं. आणखी एक, ३२ जीबीचं अस्सल कार्डही संगणकावर २९-३० जीबीच दिसतं. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, तेवढ्यावरून कार्डाला खोटं ठरवू नये.

मग जागा किती घ्यायची? दुकानदार १२८ किंवा २५६ पुढे करतो, दरही मोहात पाडणारा असतो. मी ३२ वरच थांबतो. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी जातीची, त्यांची मांडणी फॅट३२. त्यापुढची एसडीएक्ससी, त्यांची एक्सफॅट. जुने आणि स्वस्तातले अनेक कॅमेरे ही दुसरी मांडणी ओळखतच नाहीत. काही ओळखल्यासारखं करतात आणि मध्येच अडतात. माहितीपुस्तिकेत कमाल जागा लिहिलेली असते, तो शब्द अखेरचा मानावा. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: मोठं कार्ड आहे म्हणून माणूस ते बदलायला उशिरा जातो, आणि बिघडलं तर तितक्या साऱ्या दिवसांची नोंद एकदम जाते.

३२ पुरतं का, याचा हिशेब सोपा आहे. एक फोटो ५ एमबीचा धरला आणि प्रत्येक हालचालीला तीन फोटो लावले, तर एका वेळेला १५ एमबी, म्हणजे कार्डात साधारण दोन हजार वेळा मावतं. वाघासाठी एवढी जागा भरपूर आहे. पण कार्ड वाघाने भरत नाही. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले होते आणि ३,४८,५८,६२३ फोटो मिळाले. त्यांत वाघाचे ७६,६५१. म्हणजे साडेचारशे फोटोंमागे वाघ एक. बाकी सगळी इतर जनावरं, माणसं, गुरं आणि वाऱ्याने हलणारं गवत. म्हणून मोठं कार्ड घेण्याआधी कॅमेऱ्यासमोरचं गवत आणि लोंबत्या फांद्या साफ करा. उन्हाने तापलेलं पान हललं तरी सेन्सर फसतो आणि दुपारभरात शेकडो रिकामे फोटो निघतात. व्हिडिओ लावायचा असेल तर हिशेब पार बदलतो. तेव्हा कार्ड बदलायच्या फेऱ्या वाढवाव्यात.

वेगाच्या आकड्यांनी तर लोक फार भुलतात. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला '९५ एमबी' हा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो. कॅमेऱ्याला काम पडतं ते लिहिण्याच्या वेगाशी. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी सलग लिहिण्याची हमी, आणि साध्या फोटोंना व फुल एचडी व्हिडिओला ती सहसा पुरते. ४के व्हिडिओ घ्यायचा असेल तर यू३ किंवा व्ही३० घ्या, तिथे ३० एमबीची हमी असते. वाघ चौकटीतून निसटला तर दोष बहुधा कॅमेऱ्याच्या जागे होण्याच्या वेळेचा असतो, महागड्या कार्डाने तो जात नाही.

आकाराने पूर्ण एसडी कार्ड घ्यावं. मोबाइलमधलं छोटं कार्ड अडॅप्टरमध्ये घालून वापरण्याची सवय सर्रास दिसते. मला ती पसंत नाही. जोडणीची आणखी एक जागा वाढते, आणि विदर्भातला पावसाळा, धूळ आणि मुंग्या पाहता तीच पहिली दगा देते. अडॅप्टरवरची लॉकची बारीक पट्टीही सैल असते. कार्ड आत सारताना ती घसरली की कॅमेरा 'कार्ड लॉक' दाखवतो. तेव्हा दार बंद करण्याआधी पडद्यावर काय लिहून येतं ते नक्की वाचा.

कॅमेऱ्याचा दोष पुष्कळदा कार्डाच्या माथी मारला जातो, तेही खरं. सेल उतरलेले असतील तर रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच विजेचा दाब पडतो आणि लिहिणं अर्ध्यावर तुटतं. कधी त्याने कार्डाची अख्खी यादीच बिघडते. कॅमेरा चालू असताना कार्ड ओढून काढलं तरी तोच परिणाम. आधी बटण बंद, मग कार्ड.

हे कॅमेरे मुळात बाजारात फोफावले ते अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांमुळे. कोणता नर कोणत्या वाटेने किती वाजता येतो, हे त्यांना हंगामाआधी पाहायचं असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला जागा उरली नाही, आणि तोच कॅमेरा वाघ मोजण्याच्या कामाला आला. आपल्या उन्हाळ्याचा विचार मात्र आपणच करायचा. चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हातल्या बंद डबीत उष्णता त्याहून जास्त. सेन्सर शरीर आणि भोवताल यांच्या तापमानातला फरक टिपतो. दुपारी तो फरकच उरत नाही, म्हणून त्या वेळचे फोटो कमी आले तर लगेच कार्डावर ठपका ठेवू नका. कॅमेरा सावलीतल्या झाडाला बांधा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा.

प्रत्येक कॅमेऱ्याला दोन कार्डं ठेवा आणि दोन्हींवर कॅमेऱ्याचा नंबर न पुसणाऱ्या पेनाने लिहा. जंगलात नुसती अदलाबदल करायची. फोटो उतरवायचे ते मुक्कामी, दोन जागी. दोन्हीकडे उघडून पाहिल्यावरच कार्ड रिकामं करायचं, तेही त्याच कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करून. कार्ड बिघडलेलं आढळलं तर त्यावर पुढे काहीही लिहू नका. 'फोटोरेक'सारख्या मोफत साधनाने अस्सल कार्डावरचे हरवलेले फोटो पुष्कळदा परत येतात. बनावट कार्डावर ते मुळात लिहिलेच गेलेले नसतात.

हीच सोय चोरालाही असते. फॉरमॅट केलेल्या कार्डातून फोटो परत काढता येतात, आणि आमच्या कार्डांवर वाघ कोणत्या पाणवठ्यावर कोणत्या वेळी येतो हे सगळं असतं. म्हणून बाद झालेलं कार्ड कोणाच्या मोबाइलसाठी देऊ नका, भंगारातही टाकू नका. आम्ही ते कात्रीने मधोमध कापतो आणि नोंदवहीत त्याच्या नंबरापुढे तारीख टाकून 'नष्ट' असं लिहितो. ते लिहिताना वनरक्षक समोर असतो आणि त्याची सहीही घेतो.